प्रवासातील लंबक

बदलीचा हुकूम हाती पडला की घरातील प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे निराळे चित्र उभे राहते. मुलांना नवी शाळा दिसते, कर्त्या माणसाला खर्चाचा आकडा दिसतो, आणि गृहिणीला दिसतात त्या काचेच्या बरण्या. या सदराच्या वाचकांपैकी पुष्कळांनी हा अनुभव एकदा नव्हे, चार-चारदा घेतलेला असेल. सामान बांधणे ही एक विद्या आहे, आणि ती पुस्तकातून येत नाही. दोन-चार वस्तू फुटल्यावरच ती अंगी येते.

ही विद्या मला आली ती एका घड्याळाच्या मोलाने. काही वर्षांपूर्वी आम्ही पुण्याहून दिल्लीस बिऱ्हाड हलविले. सामानात वडिलांच्या वेळचे लंबकाचे घड्याळ होते. त्याला काही होऊ नये म्हणून ते मी स्वतःच्या हातांनी मालमोटारीच्या फळीला सुंभाने करकचून आवळले. आईने मात्र आपल्या लोणच्याच्या बरण्या जुन्या गोधड्यांत गुंडाळल्या आणि एका पिंपात भुसा भरून त्यात त्या ठेवल्या. मी हसून म्हटले, “आई, अशा सैल ठेवल्यास तर दिल्लीपर्यंत एकही टिकायची नाही.” ती काही बोलली नाही. चौदाशे किलोमीटरांचा रस्ता ओलांडून सामान आले, तेव्हा सर्व बरण्या जशाच्या तशा निघाल्या. घड्याळ मात्र मुके झाले होते. ते घेऊन मी करोल बागेतील एका वृद्ध घड्याळजीकडे गेलो. त्यांनी दार उघडून आत पाहिले. लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीला टांगलेला असतो ती पट्टी मोडली होती. ते म्हणाले, “बाबूजी, घड्याळ तर बांधलेत, पण लंबक बांधला नाहीत!”

वाचकहो, त्या दिवशी मी तीन गोष्टी शिकलो. हादरणाऱ्या वस्तूला नाजूक वस्तू घट्ट आवळली, तर सर्व हादरे तिच्या अंगी उतरतात. मऊ आधारावर ठेवली, तर पुष्कळसे हादरे वाटेतच जिरतात. आणि नाजूक वस्तूच्या आतला जो अवयव एरवी मोकळा हलावयास हवा, तो प्रवासापुरता बांधून ठेवावा लागतो आणि मुक्कामी पोचल्यावर आठवणीने सोडावा लागतो. पुढे अंतराळयानांविषयीचा मजकूर मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा ध्यानात आले की यानातील सूक्ष्म उपकरणे सांभाळणारे शास्त्रज्ञही याच तीन गोष्टींच्या मागे असतात. फरक एवढाच की, त्यांचे घड्याळ बिघडले तर दुरुस्तीसाठी ते करोल बागेत आणता येत नाही.

आपल्याच पुण्याचे उदाहरण घेऊ. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९८८ साली ज्या ‘आयुका’ या संस्थेची उभारणी आरंभिली, त्या संस्थेत सूर्याची अतिनील किरणांतील छायाचित्रे घेणारी एक दुर्बीण तयार झाली. ‘सूट’ हे तिचे लघुनाम. तिचे वजन सुमारे ३५ किलो. म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलाएवढे. २ सप्टेंबर २०२३ रोजी ‘आदित्य-एल १’ या यानातून ती श्रीहरिकोट्याहून निघाली, आणि ६ जानेवारी २०२४ रोजी यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरांवरील आपल्या नियोजित कक्षेत स्थिरावले. चंद्र आपल्यापासून जेवढा दूर आहे त्याच्या जवळजवळ चौपट हे अंतर होय. तेथे कोणी कारागीर जाऊ शकत नाही. जे काही जपावयाचे ते निघण्यापूर्वीच जपावयास हवे.

जपावयाचे तरी किती? ‘सूट’च्या छायाचित्रातील एक ठिपका आकाशात सुमारे ०.७ विकलेचा असतो. एका अंशाच्या साठाव्या भागास कला म्हणतात, आणि कलेच्या साठाव्या भागास विकला. हे माप डोळ्यांपुढे यावे म्हणून आपण कुतुबमिनारावर चढलो आहोत असे समजू. तेथून दहा-अकरा किलोमीटरांवर इंडिया गेट आहे. तेथे कोणी हातात दिवा धरून उभा आहे. तो दिवा जेमतेम साडेतीन सेंटिमीटर बाजूला सरकला, तर आपल्या डोळ्याशी होणारा कोन ०.७ विकलेचा असेल. छायाचित्र घेताना दुर्बीण एवढी जरी डळमळली, तरी एका ठिपक्याचा प्रकाश शेजारच्या ठिपक्यात सांडतो, आणि सूर्याच्या पृष्ठावरील रेखीव तपशील पुसट होतो.

आणि एवढी नाजूक वस्तू आकाशात पोचवावयाची ती कशावर बसवून? तर अग्निबाणावर. याहून आडदांड वाहन माणसाने अद्याप घडविलेले नाही. आपल्या ‘पीएसएलव्ही’ या अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यात १३९ टन घन इंधन भरलेले असते. घन इंधनाच्या भारतातील संशोधनाचा पाया ज्यांनी घातला, त्यांत कोल्हापुरात वाढलेले डॉ. वसंत गोवारीकर हे अग्रगण्य होते. पुढे विज्ञान खात्याचे सचिव म्हणून ते दिल्लीसही होते. हे इंधन पेटले की निघणारा प्रचंड ध्वनी प्रथम जमिनीवर आदळतो आणि उलटून अग्निबाणावरच येतो. त्या ध्वनीने यानाचे पातळ पत्रे डफासारखे थरथरू लागतात. मग वेग वाढतो तशी हवेची झोड बसते. एकेक टप्पा संपून गळून पडताना हातोड्याचा घाव बसावा तसा धक्का बसतो. ‘आदित्य’ला अग्निबाणापासून मोकळे होण्यास ६३ मिनिटे लागली. एका तासाच्या त्या प्रवासात, मालमोटारीने चौदाशे किलोमीटरांत जे केले नसते, ते करण्याची ताकद असते.

हे हादरे अडवावयाचे कसे, हे समजण्यासाठी एक प्रयोग घरी करून पाहावा. तो मुलांना अवश्य दाखवा. दोन-तीन रबरी कड्या एकमेकींत गुंतवून साखळी करा आणि तिच्या टोकाला एक लहानसे कुलूप बांधा. वरचे टोक हाती धरून कुलूप लोंबत सोडा. आता हात अगदी सावकाश वर-खाली करा. कुलूप हाताबरोबर निमूटपणे वर-खाली होईल; जणू मध्ये रबर नाहीच. हाताची गती थोडी वाढवा. एका ठरावीक गतीला चमत्कार दिसेल: हात बोटभर हालतो आहे, आणि कुलूप वीतभर उड्या मारू लागले आहे. आता गती आणखी वाढवा, हात जलद आणि थोडाथोडाच हालू द्या. कुलूप जागच्या जागी जवळजवळ स्तब्ध राहील. हात थरथरतो आहे आणि कुलपाला त्याची वार्ताही नाही.

या तीन अवस्थांत कंपने अडविण्याचे सारे शास्त्र सामावलेले आहे. टांगलेल्या प्रत्येक वस्तूची स्वतःची अशी एक कंपनसंख्या असते. एका सेकंदात ती स्वभावतः किती वेळा हेलकावते ती संख्या. बाहेरचे हादरे त्याच तालात आले तर वस्तू बेफाम होते. यास अनुनाद म्हणतात. पुलावरून जाताना सैनिकांना पावले मोडून चालावयास सांगतात ते याच भयाने. परंतु बाहेरचे हादरे त्या स्वाभाविक तालाहून पुष्कळ जलद असतील, तर वस्तूपर्यंत त्यांचा थोडाच अंश पोचतो. हिशेब असा की, बाहेरचा ताल वस्तूच्या तालाच्या दसपट जलद असेल, तर शंभरातला जेमतेम एक भाग आत शिरतो. म्हणून युक्ती ठरली: उपकरण अशा मऊ आधारावर ठेवावे की त्याचा स्वतःचा ताल अगदी संथ होईल. आईच्या भुशाने हेच केले होते.

मात्र वाटेत तो अनुनादाचा ताल लागतोच, आणि तेथे उपकरणाने उड्या मारू नयेत म्हणून आधाराला थोडा आळस असावा लागतो. आपोआप मिटणाऱ्या दाराच्या वरच्या अंगाला जी तेलाची नळी असते, ती दाराला धाडकन आपटू देत नाही. दार जड पावलाने येते आणि मिटते. असाच गुण असलेले रबरासारखे पदार्थ आधारात वापरतात. ते हेलकाव्याची शक्ती पिऊन टाकतात आणि तिची ऊब करतात. पण येथेही तारतम्य हवे. आळस फार झाला, तर जलद हादरे पुन्हा आत झिरपू लागतात. कमी झाला, तर उड्या. यान बांधणाऱ्यांचे बरेचसे कसब असल्या तारतम्यातच खर्च होते.

आता कोणी चौकस वाचक विचारील, मग उपकरण अगदी मऊ स्प्रिंगवर ठेवून मोकळे का होऊ नये? अडचण वजनाची आहे. स्प्रिंग जितकी मऊ, तितकी ती ओझ्याखाली दबते. हिशेब सोपा आहे: वस्तूचा ताल सेकंदास एका हेलकाव्याइतका संथ हवा असेल, तर तिच्या वजनाने स्प्रिंग २५ सेंटिमीटर दबलेली असावयास हवी. सेकंदास पाच हेलकावे चालणार असतील, तर एक सेंटिमीटर पुरे. आता अग्निबाण वेग घेऊ लागला की आतील प्रत्येक वस्तूचे वजन कित्येक पट वाढते, आणि वीतभर दबणारी स्प्रिंग हातभर दबू लागते. यानाच्या चिंचोळ्या पोटात एवढी जागा कोठून आणणार? म्हणून उड्डाणाच्या वेळी फार मऊ राहून चालत नाही. उलट, कक्षेत पोचल्यावर वजन उरतच नाही. तेथे स्प्रिंग कितीही मऊ असली तरी दबण्याचा प्रश्न नाही. म्हणजे प्रवासात कणखर आणि मुक्कामी मऊ, अशी दोन परस्परविरुद्ध रूपे एकाच आधाराकडून हवी असतात.

घड्याळजींचे बोल येथे आठवावेत. प्रवासापुरता लंबक बांधावा, पोचल्यावर सोडावा. यानातील पुष्कळ नाजूक भागांना अशीच कुलुपे असतात. उड्डाणात ती भाग आवळून धरतात आणि नंतर पृथ्वीवरून संदेश गेला की उघडतात. याचे एक सुरेख उदाहरण युरोपीय शास्त्रज्ञांच्या ‘लिसा पाथफाइंडर’ या यानात होते. ते डिसेंबर २०१५ मध्ये उडाले. त्यात सोने आणि प्लॅटिनम यांच्या मिश्रधातूचे दोन ठोकळे होते. प्रत्येकाची बाजू ४६ मिलिमीटर, वजन सुमारे दोन किलो. उड्डाणात यांत्रिक बोटांनी ते घट्ट धरून ठेवले होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये ती बोटे हलकेच मागे घेतली गेली आणि ठोकळे कशालाही न टेकता यानाच्या पोटात तरंगू लागले. घट्ट धरण्यापेक्षा असे हळुवार सोडणेच अधिक अवघड. बोट निसटताना किंचित ढकलले गेले असते, तर ठोकळा भिंतीशी जाऊन थडकला असता.

आधार कसा हवा हे कागदावर ठरते. पण कागदावर विसंबून कोणी यान उडवीत नाही. उड्डाणापूर्वी प्रत्येक यानाला आणि त्यातील प्रत्येक उपकरणाला हादरविणाऱ्या मेजावर बसवितात आणि अग्निबाण जसे हलवील तसे, किंबहुना थोडे अधिकच, हलवून पाहतात. प्रथम सेकंदास पाचापासून शंभरापर्यंत तालाने ओळीने, मग वीस ते दोन हजारपर्यंत सर्व तालांची सरमिसळ करून. बंगळूरास राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत तर एक दालनच आहे, जेथे उपग्रहाला अग्निबाणाच्या गर्जनेएवढा ध्वनी ऐकवितात.

या परीक्षेचे मोल काय, हे अमेरिकेच्या ‘वेब’ दुर्बिणीने दाखविले. मोठ्या खर्चाची आणि मोठ्या प्रतीक्षेची ती दुर्बीण. ३ डिसेंबर २०१६ रोजी ती हादऱ्यांच्या मेजावर असताना संवेदकांनी अपेक्षेहून मोठे आकडे दाखविले, आणि यंत्रणेने आपण होऊन परीक्षा थांबविली. सर्वांच्या काळजाचा ठोका चुकला असेल. पाहणी झाली. दुर्बिणीला मोडतोड झालेली नव्हती. आरशाचा एक पंख घडी घालून ज्या बंधनांनी धरला होता, त्या बंधनांतच अतिसूक्ष्म हालचाल होत होती, एवढाच दोष निघाला. बांधलेली गाठ किंचित सैल राहिली, आणि हादऱ्यांनी ती लागलीच ओळखली. जानेवारी २०१७ मध्ये परीक्षा पुन्हा सुरू झाली. दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी उडाली, आणि तिची छायाचित्रे आज शाळेच्या भिंतींवर लागली आहेत. जी सैल गाठ जमिनीवर सापडते तिची चिंता नसते.

मेज किती हालले हे मोजणारे मापक तरी खरे आहे कशावरून, असा प्रश्न येथे उभा राहतो. त्याचे उत्तर आम्हा दिल्लीकरांच्या शेजारी आहे. पुसा परिसरातील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेची कोनशिला पंडित नेहरूंनी ४ जानेवारी १९४७ रोजी बसविली. देशाचा मीटर, किलो आणि सेकंद जपणारी ही संस्था कंपनांचेही मान जपते. तेथे कंपनमापकाला ज्ञात तालाने हलवितात आणि त्याची हालचाल लेसरच्या प्रकाशलहरींनी मोजतात. वाण्याचा तराजू तपासणारा निरीक्षक आपणास ठाऊक असतो; हा थरथरीचा तराजू तपासण्याचा प्रकार झाला.

समजा, उपकरण सुखरूप कक्षेत पोचले, कुलुपे उघडली. आता तेथे ना वारा, ना रस्ता, ना मालमोटार. मग हादरे संपले म्हणावे? दुर्दैवाने नाही. आता हादरे घरातूनच निघतात. यानाला दिशा बदलावयाची असते ती त्याच्या पोटातील जलद फिरणाऱ्या चाकांच्या साहाय्याने. चाक मिनिटास तीन हजार फेरे घेत असेल आणि त्याच्या एका अंगास केसाएवढे अधिक वजन असेल, तर सेकंदास पन्नास वेळा बारीकशी थरथर यानभर पसरते. शीतक यंत्रे असतात, सूर्यपंख फिरविणाऱ्या मोटारी असतात. नाजूक डोळ्याच्या शेजारी हा सारा गलबला. अशा वेळी उपाय दोन. एक तर डोळ्याला मऊ आधार द्यावा, किंवा दंगेखोर चाकालाच मऊ आसनावर बसवावे, म्हणजे त्याचा दंगा त्याच्यापाशीच राहील. भांडखोर मुलाला घरात कोठे बसवावे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना दुसरा उपाय अधिक पटेल.

घरच्या हादऱ्यांची सर्वांत प्रसिद्ध कथा ‘हबल’ दुर्बिणीची. ती २४ एप्रिल १९९० रोजी उडाली. तिचा नेम ०.००७ विकलेच्या आत स्थिर राहावा अशी अपेक्षा होती. दिल्लीत बसून मुंबईतील लिंबावर नेम धरावा, तसे हे होय. परंतु दुर्बीण पृथ्वीभोवती सुमारे दीड तासात एक फेरी घेई, आणि प्रत्येक फेरीत एकदा उन्हात आणि एकदा सावलीत शिरे. तिच्या सूर्यपंखांना धरणाऱ्या धातूच्या दांड्या एका अंगाने तापत, एका अंगाने गार राहत, आणि वाकत. पंख फडफडत. त्या फडफडीने सारी दुर्बीण काही मिनिटे थरथरत राही. उन्हाळ्यात दुपारी पत्र्याचे छप्पर कडकडते, तोच हा प्रकार. पण येथे त्या कडकडण्याने विश्वाकडे पाहणारी दृष्टी धूसर होत होती. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीर तेथे गेले. त्यांनी आरशाच्या दोषावर उपाय केला हे सर्वांना आठवते. त्याच खेपेस त्यांनी ते पंखही बदलले, आणि नव्या पंखांच्या दांड्यांना ऊन-सावलीचा झटका बसू नये असे आवरण होते. ‘हबल’चे भाग्य असे की ती जवळ होती, माणूस तेथे जाऊ शकला. पंधरा लाख किलोमीटरांवरील पुण्याच्या दुर्बिणीला हे भाग्य नाही.

हे सारे केवळ दूरच्या ताऱ्यांसाठी चालले आहे, असेही नव्हे. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी उडालेला आपला ‘कार्टोसॅट-३’ हा उपग्रह सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरून जमिनीवरील पाव मीटरचा तपशील टिपू शकतो. पूर आला, दरड कोसळली, रस्ता वाहून गेला, म्हणजे अशाच डोळ्यांकडे आपण पाहतो. त्या उंचीवरून पाव मीटर म्हणजे विकलेचा दहावा भाग. छायाचित्र घेताना तो डोळा थरथरला, तर छत आणि अंगण यांतील भेद मिटतो, आणि मदत घेऊन निघालेल्या माणसाला वाट सांगणारा नकाशा पुसट होतो.

जमिनीवर राहणाऱ्या उपकरणांनाही हे चुकलेले नाही. मराठवाड्यात हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथाजवळ, गुरुत्वलहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. अशा वेधशाळेत चार-चार किलोमीटर लांबीचे दोन बाहू असतात, आणि त्यांतील ४० किलोचे आरसे काचेच्या बारीक तंतूंनी, एकाखाली एक अशा चार लंबकांच्या साखळीला टांगतात. शेतातला ट्रॅक्टर, दूरच्या समुद्राच्या लाटा, भूमीचे अविरत कापणे, हे सारे त्या साखळीत जिरावे आणि आरशापर्यंत पोचू नये, हा हेतू. आपण मघाशी रबराला बांधलेले कुलूप आणि हा आरसा, या दोहोंना एकच नियम लागू आहे.

शेवटी एका उपकरणाची हकिकत सांगतो. ती मला या साऱ्या विषयाचा कळस वाटते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘चांद्रयान-३’चा ‘विक्रम’ चंद्रावर उतरला. त्याच्या सामानात ‘इल्सा’ नावाचा एक लहान भूकंपमापक होता. चंद्राचा म्हणून त्यास चंद्रकंपमापक म्हणू. त्याच्या पोटात सिलिकॉनवर कोरलेले इवलेसे भार इवल्याशा स्प्रिंगांवर टांगलेले होते. म्हणजे ज्या उपकरणाचे कामच थरथर ओळखणे, आणि ज्याचा लंबक म्हणूनच अत्यंत हळवा, तेच आपण अग्निबाणाच्या गडगडाटातून आणि उतरतानाच्या इंजिनांच्या धक्क्यांतून नेले. ते टिकले. ‘विक्रम’ने ते चंद्रभूमीवर हलकेच खाली टेकविले. २५ ऑगस्टला त्याने ‘प्रज्ञान’ गाडीच्या चाकांची चाहूल टिपली. २६ ऑगस्टला अशी एक थरथर नोंदली की जी कोणत्याही यंत्राची नसावी, चंद्राचीच असावी, असे शास्त्रज्ञांना वाटले. सुमारे १९० तासांच्या नोंदींत अडीचशेहून अधिक कंपने मिळाली. त्यांतील सुमारे पन्नासांचा संबंध गाडीशी किंवा इतर उपकरणांशी लावता आला नाही. जगातील अतिशय कर्कश प्रवास सोसून त्या छोट्या लंबकाने अतिशय हळू आवाज ऐकला. प्रवासात त्याला जपले नसते, तर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भूमीने काढलेला तो पहिला हुंकार कोणालाच ऐकू आला नसता.

वाचकहो, नाजूक वस्तू जपावयाची म्हणजे ती घट्ट आवळावयाची, असे आपणांस सहज वाटते. वस्तूचा स्वभाव ओळखावा, वाटेचा स्वभाव ओळखावा, कोठे धरावे आणि कोठे सोडावे हे ठरवावे, आणि निघण्यापूर्वी एकदा हलवून पाहावे. बंगळूरचे शास्त्रज्ञ हेच करतात, आणि आमच्या आईनेही हेच केले होते. तिला त्याचे गणित ठाऊक नव्हते एवढेच.

आमचे घड्याळ आता दिल्लीच्या भिंतीवर पूर्ववत टोले देते. नवी पट्टी बसविताना घड्याळजींनी लंबक काढावयाचा कसा, तेही शिकविले. पुन्हा बदली झाली, तर लंबक उतरवून मऊ फडक्यात गुंडाळीन, घड्याळ पेटीत भुशावर ठेवीन, आणि नव्या गावी पोचल्यावर पहिल्या दिवशी लंबक पुन्हा टांगीन. आपल्या घरीही असे एखादे घड्याळ असेल. सामान बांधताना त्याचे दार एकदा उघडून पाहावे.